कॅशबॅक नाकारला? आधी विचारा, कोणत्या अटीवरून

मोबाईलच्या जाहिरातीत हल्ली दोन किमती असतात. एक मोठ्या अक्षरात छापलेली, "इफेक्टिव्ह प्राइस" म्हणून. दुसरी आपल्या कार्डावरून प्रत्यक्ष कापली जाते ती. या दोहोंमधला फरक म्हणजे कॅशबॅक. तो कधी दोन-तीन महिन्यांनी मिळायचा असतो, कधी दीड वर्षाने, काही योजनांत तर तीन वर्षांनी. आणि द्यायची वेळ आली की अनेकांच्या फोनवर एक ओळ येते: "ऑफरच्या निकषांत बसत नसल्याने तुमचा क्लेम नामंजूर करण्यात आला आहे." निकष कोणता, तो कुठे लिहिला होता, तपासला कोणी, याचा पत्ता नाही.

बरेच जण इथेच हात टेकतात. कस्टमर केअरला दोन फोन होतात, दुकानदार "कंपनीला विचारा" म्हणतो, कंपनी "बँकेला विचारा" म्हणते, बँक "मर्चंटला विचारा" म्हणते आणि विषय थंड होतो. पण हे पैसे सोडून द्यायचे नसतात. ते मागण्याची एक पद्धत आहे आणि त्यासाठी वकील लागतोच असं नाही.

कॅशबॅक ही कृपा नव्हे, किमतीचा भाग

सूट आणि कॅशबॅक यांत फरक आहे. सूट जागेवर मिळते, बिलातच वजा होते. कॅशबॅकमध्ये तुम्ही आधी पूर्ण रक्कम भरता आणि ठरलेल्या अटी पाळल्यावर त्यातले काही पैसे परत यायचे असतात. त्यामुळे मिळाला तर मिळाला, नाही तर नाही, असं त्याला बक्षीस समजण्याची आपल्याला सवय लागली आहे. कंपन्यांची भाषाही तीच असते: "लाभ", "रिवॉर्ड", "भेट".

घर भाड्याने घेताना दिलेल्या डिपॉझिटसारखंच हे प्रकरण आहे. डिपॉझिट घरमालकाकडे असतं, पण म्हणून ते त्याचं होत नाही. भाडं वेळेवर दिलं, भिंती-नळ धड ठेवले, तर ते परत मिळायला हवं. घरमालकाला त्यातलं काही कापायचं असेल तर नुसतं "नियमात बसत नाही" म्हणून भागत नाही. कोणता नळ तुटला ते त्याने दाखवायचं असतं. कॅशबॅकच्या नकारातही पहिला प्रश्न हाच आहे. कोणती अट मोडली, ते दाखवा.

कायद्याच्या अंगाने पाहिलं तर जाहिरात पाहून तुम्ही फोन घेतलात आणि पैसे भरलेत, म्हणजे करार झाला. त्यांनी एक शब्द दिला, त्या शब्दावर विसंबून तुम्ही तुमची बाजू पूर्ण केलीत. आता वाद एवढाच उरतो की शब्दासोबतच्या अटी पाळल्या गेल्या की नाही. म्हणून नकार आल्यावर तीन गोष्टी तपासायच्या. ती अट खरेदीच्या वेळी होती का, की नंतर घातली? ती समजेल अशा भाषेत आणि दिसेल अशा जागी होती का? आणि ती खरोखर मोडली गेली का? यातल्या एकाचंही उत्तर "नाही" आलं, तर तुमची बाजू भक्कम आहे.

अटीचे दोन अर्थ निघत असतील तर काय? करार लिहिणारा एक आणि नुसता "मान्य" म्हणणारा दुसरा असेल, तर संदिग्ध वाक्याचा अर्थ लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावायचा, हे तत्त्व आपल्याकडच्या न्यायालयांनी अनेकदा वापरलं आहे, विशेषतः विम्याच्या प्रकरणांत. कॅशबॅकच्या अटी तुम्ही लिहिलेल्या नसतात. घोळ त्यांच्या वाक्यात असेल तर त्याचा फायदा त्यांनी का घ्यावा?

पैसे नेमकं कोण देणार होतं?

हे कळल्याशिवाय तक्रार चुकीच्या दारावर जाते. बँकेच्या कार्डावरचा कॅशबॅक बँक खात्यात टाकते, पण त्याचा खर्च बऱ्याचदा मोबाईल कंपनी उचलते. "ब्रँड कॅशबॅक" असेल तर फोनचा आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) आणि बिल ठरलेल्या मुदतीत नोंदवावं लागतं. हे काम कंपनीने नेमलेली तिसरीच संस्था बघते. एक्स्चेंज बोनस असेल तर जुना फोन तपासणारी कंपनी वेगळी. टेलिकॉम कंपनीची योजना असेल तर रिचार्जचा हिशेब तीच ठेवते.

दुकानातल्या खरेदीत एक गोष्ट हमखास निसटते. ब्रँडची ऑफर लागू व्हायची असेल तर कार्ड मशीनवर साधी विक्री न निवडता ऑफरचा किंवा ब्रँड ईएमआयचा पर्याय निवडावा लागतो आणि बऱ्याचदा तिथेच फोनचा आयएमईआय टाकावा लागतो. मग चार्ज स्लिपवर, म्हणजे मशीनमधून निघणाऱ्या त्या चिटोऱ्यावर, कॅशबॅकची रक्कम वेगळ्या ओळीत छापून येते. गर्दीच्या वेळी दुकानातल्या माणसाने साधा व्यवहार केला तर बँकेच्या लेखी ऑफर घेतलीच गेलेली नसते. बँकेचा नकार बरोबर, तुमचा हक्कही बरोबर, आणि चूक दुकानदाराची. अशा वेळी दावा दुकानदारावर लागतो, कारण ऑफर दाखवून विक्री त्याने केली. तेव्हा दुकान सोडण्यापूर्वी त्या स्लिपवर ती ओळ आहे का, हे नक्की बघा आणि स्लिपचा लगेच फोटो काढून ठेवा. त्या कागदावरची शाई काही महिन्यांत उडून जाते.

तीन वर्षांचा कॅशबॅक आणि २८ दिवसांचं गणित

आपल्याकडे फोन आणि कनेक्शन एकत्र बांधून विकण्याची पद्धत परदेशाइतकी रुजली नाही. पण २०१७ नंतर ती वेगळ्या रूपात आली. त्या वर्षी जिओफोन १,५०० रुपयांच्या डिपॉझिटवर आला. तीन वर्षांनी फोन परत दिला की पैसे परत, अशी योजना होती. पाठोपाठ एअरटेलने कार्बनचा एक स्मार्टफोन २,८९९ रुपयांना आणला आणि १८ महिन्यांनी ५००, ३६ महिन्यांनी आणखी १,००० रुपये परत देऊ केले. व्होडाफोनने मायक्रोमॅक्ससोबत ९०० आणि १,३०० रुपयांच्या दोन हप्त्यांची योजना काढली. ऑक्टोबर २०२१ मध्ये एअरटेलने साधारण १२ हजारांपर्यंतच्या ठरावीक फोनवर ६,००० रुपयांचा कॅशबॅक जाहीर केला: १८ महिन्यांनी २,००० आणि ३६ महिन्यांनी ४,००० रुपये. अट अशी की २४९ रुपयांचा किंवा त्याहून मोठा रिचार्ज ३६ महिने सलग चालू ठेवायचा.

या "सलग" शब्दापाशी थोडं थांबू, कारण असल्या योजनांतला खरा धोका तिथे आहे.

आपण ३६ महिने ऐकलं की ३६ रिचार्ज धरतो. पण २४९ रुपयांच्या त्या प्लॅनची मुदत २८ दिवसांची होती. ३६ महिन्यांचे दिवस होतात १,०९५ किंवा १,०९६. २८ दिवसांचे ३९ रिचार्ज केले तरी १,०९२ दिवसच भरतात; उरलेल्या तीन-चार दिवसांसाठी चाळिसावा रिचार्ज लागतो. यातला एक जरी रिचार्ज मुदत संपल्यावर दुसऱ्या दिवशी केला, तर एका दिवसाची फट पडते. माणूस हॉस्पिटलमध्ये असेल, प्रवासात असेल, नाहीतर नुसता विसरला असेल. संगणकाला फक्त फट दिसते आणि तीन वर्षांचं सातत्य तिथे संपतं. शिवाय त्या योजनेला दोन महिनेही झाले नव्हते तोच नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस दर वाढले आणि २४९ चा प्लॅन २९९ चा झाला. पुढची सगळी वर्षं सातत्य राखण्याचा खर्च ग्राहकाने आधी मनात धरलेल्यापेक्षा जास्त निघाला.

२०१७ च्या एअरटेल योजनेत याला एक पर्याय ठेवलेला होता. दरमहा १६९ रुपयांचा रिचार्ज करा, किंवा पहिल्या १८ महिन्यांत एकूण ३,००० आणि पुढच्या १८ महिन्यांत एकूण ३,००० रुपयांचे रिचार्ज करा, तरी चालेल. म्हणजे एकूण रक्कम मोजायची. माझ्या मते अट ठेवण्याची न्याय्य पद्धत हीच. कंपनीला हवा तो महसूल मिळतो आणि एका दिवसाच्या विसराळूपणाला हजारो रुपयांची शिक्षा होत नाही.

तुमचा नकार सातत्याच्या मुद्द्यावर असेल तर कंपनीकडून रिचार्जचा पूर्ण तपशील लेखी मागवा. त्यात नेमकी फट कुठे दाखवली आहे ते बघा आणि तुमच्या बँक किंवा यूपीआयच्या नोंदींशी तारखा ताडून पाहा. रिचार्ज रात्री उशिरा केला आणि प्रणालीत दुसऱ्या दिवशी नोंदला गेला, किंवा मुदत संपण्याआधी केलेला रिचार्ज रांगेत राहिला, असं काही सापडलं तर ती फट तुमची नव्हेच. पुढे अशी योजना घेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा की ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला किमान एक ३० दिवसांचा आणि किमान एक दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला नूतनीकरण होणारा प्लॅन ठेवायला लावलं आहे. तो योजनेच्या अटीत बसतो का, हे आधीच लेखी विचारून घ्या.

"किमान खरेदी" कशावर मोजायची?

नकाराचं हे दुसरं नेहमीचं कारण. समजा, ऑफर म्हणते: ३०,००० रुपयांच्या किमान खरेदीवर २,५०० रुपये कॅशबॅक. फोन ३०,९९९ चा. तुम्ही १,५०० चं कूपन लावलं, जुना फोन ४,००० ला दिला. कार्डावरून गेले २५,४९९. बँकेची प्रणाली २५,४९९ बघते आणि क्लेम फेटाळते.

इथे सगळं अटीच्या शब्दांवर ठरतं. "कार्डावरचा निव्वळ व्यवहार" असं स्पष्ट लिहिलं असेल तर बँकेचं म्हणणं बरोबर आहे आणि भांडून उपयोग नाही. पण "उत्पादनाची किंमत" किंवा नुसती "खरेदी" लिहिलं असेल, तर ३०,९९९ चीच खरेदी झाली, असं तुम्ही ठामपणे म्हणू शकता. आणि त्याच पानावर कूपन, एक्स्चेंज आणि कॅशबॅक तिन्ही एकत्र मिळतील असा हिशेब मांडून "इफेक्टिव्ह प्राइस" दाखवली असेल, तर प्रकरण बरंच सोपं होतं. तो हिशेब त्यांनीच केलेला आहे.

बाकीची कारणं थोडक्यात: एका कार्डावर एकदाच ऑफर, ईएमआय मध्येच बंद केला, बिलावरचं नाव आणि कार्डावरचं नाव वेगळं, नोंदणीची मुदत चुकली, पहिल्या ठरावीक ग्राहकांपुरती ऑफर. शेवटचं कारण दिलं असेल तर तुमचा क्रमांक कितवा होता आणि ऑफर कधी संपली, हे जरूर विचारा. ऑफर संपल्यावरही पान तसंच चालू ठेवलं असेल तर ते त्यांच्या अंगाशी येतं.

ठळक अक्षरातला शब्द आणि बारीक अक्षरातली अट

"अटी वाचल्या आणि मान्य आहेत" यावर टिक केलं म्हणजे सगळं संपलं, असा एक समज आहे. तो खरा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांनुसार जाहिरातीतला दावा ज्या भाषेत आहे त्याच भाषेत त्याची तळटीप हवी, अक्षरही दाव्यासारखंच हवं, ती ठळक जागी हवी, आणि मुख्य दाव्याच्या उलट अर्थ तिने काढता कामा नये. मोठ्या अक्षरात "कॅशबॅक मिळवा" आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात "काही अटींवर, कूपन स्वरूपात", हे चालत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये याच प्राधिकरणाने रॅपिडो या प्रवासी सेवेला १० लाख रुपयांचा दंड केला. "५ मिनिटांत ऑटो, नाहीतर ५० रुपये मिळवा" अशी त्यांची जाहिरात होती. प्रत्यक्षात मिळत होते "५० रुपयांपर्यंत"चे रॅपिडो कॉइन्स. तेही फक्त बाइक राइडसाठी वापरता येणारे आणि सात दिवसांत संपणारे. ज्यांना ५० रुपये मिळाले नाहीत त्यांना ते परत द्या, असाही आदेश झाला. प्रकरण मोबाईलचं नसलं तरी मुद्दा तोच आहे. पैशांचा शब्द देऊन मुदतबंद नाणी हातावर ठेवणं ही दिशाभूल आहे, हे आता सरकारी आदेशात नोंदलेलं आहे. कॅशबॅकऐवजी तुम्हाला वॉलेटमधले पॉइंट किंवा व्हाउचर टेकवलं असेल, तर तक्रारीत या आदेशाचा उल्लेख करा.

पहिला ईमेल असा लिहा

फोनवर बोलणं टाळा. निदान फोननंतर लगेच एक ईमेल टाका. पुढच्या सगळ्या पायऱ्यांवर लेखी कागदच चालतो. ईमेल लांबलचक नको, चिडका तर मुळीच नको. मजकूर साधारण असा:

"मी तुमच्या अमुक ऑफरनुसार अमुक तारखेला हा फोन घेतला. बिल क्रमांक, आयएमईआय आणि क्लेम क्रमांक सोबत आहेत. ऑफरनुसार ६,००० रुपये अमुक तारखेपर्यंत जमा व्हायला हवे होते. तुमच्या अमुक तारखेच्या मेसेजमध्ये क्लेम नामंजूर केल्याचं कळवलं आहे, पण कारण दिलेलं नाही. कृपया ऑफरच्या कोणत्या अटीचा भंग झाला, ती अट खरेदीच्या दिवशी कोणत्या शब्दांत प्रसिद्ध झाली होती आणि भंग दाखवणारी नोंद कोणती, हे लेखी कळवावं. १५ दिवसांत रक्कम जमा न झाल्यास किंवा समाधानकारक उत्तर न मिळाल्यास ग्राहक आयोगाकडे दाद मागेन."

सोबत बिल, चार्ज स्लिप किंवा कार्डाचं स्टेटमेंट, ऑफरच्या पानाचे स्क्रीनशॉट आणि क्लेम भरल्याचा मेसेज जोडा. खरेदीच्या वेळी अटींचं पान पीडीएफ करून ठेवलं असेल तर त्याहून मोलाचं काही नाही, कारण ऑफर संपली की ती पानं गायब होतात. नसेल ठेवलं, तर दुकानाचा व्हॉट्सॲप मेसेज, वर्तमानपत्रातली जाहिरात, खरेदीच्या दिवशीची पुष्टीची ईमेल, काहीही उपयोगी पडतं. फोनचा खोका क्लेम मिटेपर्यंत टाकू नका. त्यावरचा आयएमईआयचा स्टिकर बऱ्याच क्लेममध्ये मागतात.

ऑनलाइन बाजारपेठेतून खरेदी असेल तर ईमेल थेट तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार असा अधिकारी नेमणं आणि त्याचा संपर्क साइटवर देणं बंधनकारक आहे. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. टेलिकॉम कंपनी असेल तर १९८ वर तक्रार नोंदवून डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्या. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं आणि त्याने ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. ट्रायला पत्र लिहून वैयक्तिक तक्रार सुटत नाही, ट्राय अशा तक्रारी हाताळत नाही.

बँकेचा कॅशबॅक असेल तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं. पण एक पथ्य पाळा. तोच वाद आधीच ग्राहक आयोगात चालू असेल तर लोकपाल तो हाताळत नाही. आधी कुठे जायचं ते ठरवून घ्या.

या सगळ्यासोबत १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथे मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन आदेश देत नाही, तक्रार कंपनीच्या वरच्या पातळीवर पोचवून मध्यस्थी करते. कॅशबॅकसारखे छोटे वाद इथेच मिटण्याची चांगली शक्यता असते, कारण चेंडू कॉल सेंटरकडून निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसाकडे जातो.

एक सावधगिरी. कस्टमर केअरचा नंबर सर्च इंजिनवर शोधू नका, बिलावरचा किंवा अधिकृत ॲपमधलाच वापरा. "तुमचा अडकलेला कॅशबॅक देतो, ही लिंक उघडा, पिन टाका" असं कोणी म्हणालं तर तो चोर आहे. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

"दोन हजारांसाठी कोर्टात कोण जाणार?"

हा सगळ्यात मोठा आक्षेप, आणि कंपन्यांचा सगळा भरवसा याच प्रश्नावर असतो. म्हणून जरा तपशिलात सांगतो.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ जुलै २०२० पासून लागू आहे. त्याखालचा जिल्हा ग्राहक आयोग म्हणजे दिवाणी न्यायालय नव्हे. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार तिथे चालते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क शून्य आहे. मोजायची ती तुम्ही फोनसाठी भरलेली रक्कम, कॅशबॅकची नव्हे. तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. कंपनीचं मुख्यालय कुठेही असो, तुम्ही जिथे राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार चालते. हा हक्क २०१९ च्या कायद्याने दिला, आणि छोट्या रकमेच्या वादात खरा फरक याच तरतुदीने पडला. स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. पाठबळ हवं असेल तर मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था आहेत. ही संस्था १९७५ पासून हेच काम करते आहे.

तक्रारीत विक्रेता, मोबाईल कंपनी आणि बँक किंवा वॉलेट, ज्यांचा ज्यांचा ऑफरशी संबंध आहे त्या सगळ्यांना प्रतिवादी करा. "त्यांना विचारा" हा खेळ तिथे थांबतो. मागणी कॅशबॅक, त्यावर व्याज, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च अशी करता येते. प्रतिवादीला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यापलीकडे मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये पक्कं केलं. निकाल तीन महिन्यांत लागावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ त्याहून जास्त लागतो, हे मनात धरून जा. मात्र अनेकदा नोटीस पोचल्यावरच कंपनीचा विधी विभाग फाइल उघडतो आणि तडजोडीचा फोन येतो.

तक्रार लिहिताना शब्द जपून वापरा. "सेवेतील त्रुटी" आणि "अनुचित व्यापारी प्रथा" हे मुद्दे जिल्हा आयोगात चालतात. महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणं ही कायद्याच्या व्याख्येनुसार त्रुटी आहे, आणि द्यायचा इरादा नसताना भेट किंवा बक्षीस देऊ करणं ही अनुचित प्रथा. "अनुचित करार" हा मात्र कायद्यातला वेगळा प्रकार आहे आणि त्याची तक्रार राज्य आयोगाकडे जाते. अट अन्यायकारक आहे असं वाटलं म्हणून जिल्हा आयोगात "अनुचित करार" असं लिहून बसलात, तर समोरचा वकील अधिकारक्षेत्राचा मुद्दा काढून वेळ खाईल.

"टेलिकॉम कंपनीवर तर ग्राहक आयोगात जाताच येत नाही ना?"

हे एकेकाळी खरं होतं. २००९ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाचा आधार घेऊन टेलिकॉम कंपन्या टेलिग्राफ कायद्याकडे बोट दाखवत आणि तक्रारी परत जात. फेब्रुवारी २०२२ मध्ये व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजयकुमार अगरवाल या प्रकरणात त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं की टेलिकॉम सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालतात. आजही कोणी जुना मुद्दा काढला तर या निकालाचं नाव सांगा.

"बिल दुकानाच्या नावावर, जीएसटी क्रमांकासह घेतलं होतं"

इथे अडचण आहे. अनेक ऑफर व्यावसायिक खरेदीला लागू नसतात, आणि ग्राहक कायद्यातही व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार "ग्राहक" धरला जात नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू याला अपवाद आहे. रिक्षाचालक, शिंपी किंवा एकट्याने काम करणारा इलेक्ट्रिशियन हा मुद्दा मांडू शकतो. पण थोड्या कर परताव्यासाठी बिलावर जीएसटी क्रमांक घालण्याआधी कॅशबॅकची अट वाचलेली बरी.

"चूक खरंच माझीच असेल तर?"

अट स्पष्ट होती, समोर होती, आणि नोंदणीची तारीख तुम्हीच चुकवलीत, तर तो दावा टिकणं कठीण. ते प्रामाणिकपणे मान्य करून एक विनंतीचा ईमेल पाठवा, सवलत म्हणून काही करता येईल का ते विचारा. काही कंपन्या देतातही. पण तिथे हक्काची भाषा वापरू नका, आणि कमकुवत तक्रार आयोगात नेऊ नका. ज्यांचे खरे दावे रांगेत आहेत त्यांचा वेळ त्यात जातो.

मुदत आणि त्यानंतर

तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगात जावं लागतं. कॅशबॅकच्या बाबतीत नकाराची तारीख आणि पैसे मिळायला हवे होते ती तारीख, यांतली जी आधीची ती धरून मोजा, म्हणजे वाद उरत नाही. तुम्ही ईमेल पाठवत राहिलात म्हणून मुदत वाढत नाही, हे अनेकांना उशिरा कळतं. २०२१ च्या अखेरीस सुरू झालेल्या ३६ महिन्यांच्या योजना २०२४ च्या अखेरीपासून पुऱ्या होऊ लागल्या. त्यातल्या कोणाचा क्लेम अडकला असेल तर दोन वर्षांचं हे घड्याळ तेव्हापासून चालू आहे. उशिराला सबळ कारण असेल तर आयोग तो माफ करू शकतो, पण त्या भरवशावर बसू नये.

आदेश तुमच्या बाजूने लागला आणि कंपनीला अपील करायचं असेल, तर ४५ दिवसांत आणि आदेशातली निम्मी रक्कम आधी भरूनच करावं लागतं. अपील नाही आणि पैसेही नाहीत, असं झालं तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करा. आयोगाचा आदेश दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा वसूल होतो. शिवाय आदेश न पाळणाऱ्याला कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हा अर्जही स्वतःच करता येतो. सोबत आदेशाची प्रमाणित प्रत आणि पैसे जमा झाले नसल्याचं दाखवणारं बँक स्टेटमेंट जोडा.